दहातला एक : ‘डेसिमेट’ म्हणजे नेमकं किती नुकसान?

गिधाडांवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा होता. तिसऱ्याच ओळीला घोडं पेंड खायला लागलं. वाक्य काही अवघड नव्हतं. नव्वदच्या दशकापासून भारतातली गिधाडं ‘डेसिमेट’ झाली, एवढंच त्यात म्हटलं होतं. सवयीप्रमाणे शब्दकोश उघडला, तर पहिलाच अर्थ असा : दर दहा जणांतून एकाला ठार मारणे.

हा अर्थ प्रमाण मानून लिहिलं असतं, तर ‘गिधाडांची संख्या एक दशांशाने घटली’ असं वाक्य तयार झालं असतं. व्याकरण शुद्ध, पाठीशी शब्दकोश, आणि मजकूर धडधडीत खोटा. कारण पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घसरली. हजारांमागे एक उरलं. गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक दिलं जायचं. असं जनावर मेलं की त्याचं मांस गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. हे कारण संशोधकांनी २००४ मध्ये उजेडात आणलं आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यांवरचं, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या मनोऱ्यांवरचं आकाशही रिकामं झालं होतं.

म्हणजे शब्दकोशातला पहिला अर्थ सांगतो ‘दहातला एक गेला’, आणि वापरणारा सांगत असतो ‘हजारातला एक उरला’. दोन्ही एकाच क्रियापदात कसे काय मावतात, हे कळायला थेट रोमन सैन्याच्या छावणीत जावं लागतं.

लॅटिनमध्ये ‘डेकेम’ म्हणजे दहा. आपला ‘दश’ आणि तो ‘डेकेम’ ही एकाच मुळाची भावंडं. त्याच घरातले ‘डेसिमल’ आणि ‘डिसेंबर’. रोमनांचं जुनं वर्ष मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे डिसेंबर हा त्यांचा दहावा महिना. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, त्याला इंग्रजीत ‘डेसिमलायझेशन’ म्हणतात. ‘डेसिमेशन’शी त्याची गल्लत करू नये, जरी तेव्हाच्या काही आजोबांना दोन्हींत फारसा फरक वाटला नसेल.

या दहावरून लॅटिनमध्ये क्रियापद बनलं ‘डेकिमारे’. दहावा काढणे. आणि रोमन सैन्यात ‘दहावा काढणे’ ही शिक्षा होती.

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातला. रोमन सैन्याची शिस्त त्याने बारकाईने लिहून ठेवली आहे. एखाद्या तुकडीने जागा सोडली, रणातून पळ काढला, तर सगळ्यांना मारता येत नाही. तेवढं सैन्य आणायचं कुठून? मग अधिकारी सगळ्या सैन्यासमोर त्या पळपुट्यांना उभं करतो, त्यांची खरडपट्टी काढतो आणि चिठ्ठ्या टाकतो. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यांना काठ्यांनी ठेचून मारायचं. मारणारेही कुणी परके जल्लाद नव्हेत. छावणीतलेच लोक. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळायचा आणि तटबंदीच्या बाहेर, उघड्यावर तळ ठोकायला लागायचा.

तो जव मला फार बोलका वाटतो. जव हे जनावरांचं खाणं. मेलेला सुटला, जिवंत राहिलेल्याला रोज जेवताना आठवण करून द्यायची की तू माणसात नाहीस. पुढे मार्क अँटनीने इसवी सन पूर्व ३६ च्या पार्थियन मोहिमेत हीच शिक्षा दिली, तेव्हाही उरलेल्यांच्या ताटात जवच पडला. ऑगस्टसबद्दलही तसंच लिहून ठेवलेलं आहे.

या शिक्षेची क्रूरता आकड्यात कमी आणि चिठ्ठीत जास्त आहे. सर्वांत आधी पळालेला वाचू शकतो आणि शेवटपर्यंत टिकून राहिलेला मरू शकतो. गुन्हा कुणाचा किती, हा हिशोबच नाही. एक दशांश माणसं मारून दहाच्या दहांच्या काळजात भीती बसवायची, शिवाय नऊ दशांश सैन्य उद्याच्या लढाईला शाबूत. थंड डोक्याने केलेलं गणित आहे ते.

या प्रकाराची सगळ्यात जुनी गोष्ट लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो, इसवी सन पूर्व ४७१ ची. अॅपियस क्लॉडियस नावाचा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, वोल्स्की लोकांवर चालून गेला आणि त्याचंच सैन्य त्याच्यावरच्या रागाने पळालं. त्याने निशाणं टाकून पळालेल्यांची आणि त्यांच्या अधिकाऱ्यांची मुंडकी उडवली, आणि उरलेल्या जमावातून चिठ्ठी टाकून दर दहावा माणूस मारला. सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र क्रॅससची. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केलं, रोमन फौजांना एकामागून एक पाणी पाजलं, तेव्हा इसवी सन पूर्व ७१ च्या सुमाराला सूत्रं क्रॅससकडे आली. त्याचा एक सरदार नको तिथे लढाई काढून बसला आणि माणसं हत्यारं टाकून पळाली. प्लुटार्क लिहितो, की क्रॅससने आधी पळालेले पाचशे जण वेगळे काढले, दहा-दहाचे पन्नास गट केले आणि प्रत्येक गटातून एक मारला. पन्नास माणसं. ही शिक्षा तेव्हा कैक वर्षं बंद पडली होती, ती क्रॅससने उकरून काढली. बंड मोडल्यावर पकडलेल्या सहा हजार गुलामांना त्याने कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसावर टांगलं. आपल्या माणसांसाठी चिठ्ठी, गुलामांसाठी तीही नाही.

हे सगळं जुनंपुराणं म्हणून सोडून देता येत नाही. पहिल्या महायुद्धात इटलीच्या सैन्यात सेनापती कादोर्नाच्या अमदानीत चिठ्ठ्या टाकून गोळ्या घालण्याचे प्रकार झाले. जुलै १९१७ मध्ये सांता मारिया ला लोंगा या गावी कातान्झारो ब्रिगेडने आघाडीवर पुन्हा जायला नकार देऊन बंड केलं. अठ्ठावीस सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यातले काही निव्वळ चिठ्ठीत नाव आलं म्हणून गेले. इटालियन भाषेत या शिक्षेचं नाव तेच, ‘देचिमात्सिओने’.

आता एक गंमत. ‘डेसिमेट म्हणजे काटेकोरपणे दहातला एकच’ असं बजावून सांगणारे लोक इंग्रजी जगात पैशाला पासरी मिळतात. पण खुद्द पॉलिबियस काय म्हणतो? कधी पाच, कधी आठ, कधी वीस माणसं निवडत, असा बेत असे की एकूण दोषींच्या साधारण एक दशांश भरावेत. साधारण! ज्या शिक्षेच्या जिवावर हे पंडित आकड्याला चिकटून बसतात, ती शिक्षा देणारेही अंदाजपंचेच मोजत होते. पुढे सम्राट मॅक्रिनसच्या नावावर शंभरातून एकाला मारण्याची सौम्य आवृत्तीही सांगितली जाते. सौम्य हा शब्द इथे सापेक्ष आहे.

इंग्रजीत हा शब्द आला तो काही फक्त रक्ताळलेल्या अर्थाने नाही. त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ होता दशांश कर वसूल करणे. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायची युरोपात रीतच होती. १६५५ मध्ये इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याने राजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जमीनदारांवर दहा टक्क्यांचा खास दंडकर बसवला, त्याचं नावच ‘डेसिमेशन टॅक्स’. वर्षाला शंभर पौंडांवर जमिनीचं उत्पन्न असलेले राजनिष्ठ त्यात सापडले. अशा माणसाला त्या काळी ‘डेसिमेट झालेला’ म्हटलं, तर तो धडधाकट जिवंत असायचा, फक्त खिसा हलका झालेला.

मराठी माणसाला हा अर्थ समजायला अजिबात जड जाऊ नये. मराठ्यांच्या चौथाईचे पंचवीस टक्के आणि तिच्यावर सरदेशमुखीचे दहा टक्के, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. सरदेशमुखी वसूल करणं म्हणजे शब्दशः त्या मुलखाला ‘डेसिमेट’ करणं. फक्त हा अर्थ आता इंग्रजीतूनही हद्दपार झाला आहे, त्यामुळे इतिहासाच्या पेपरात कुणी असं लिहू नये.

सतराव्या शतकातच या शब्दाला तिसरी फांदी फुटली. रोगाने, युद्धाने, दुष्काळाने पुष्कळ माणसं मेली की ती ‘डेसिमेट’ झाली असं लोक म्हणू-लिहू लागले. नेमकी दहातली एक मेली का, हे कुणी मोजत बसलं नाही. शिक्षेची दहशत शब्दात उरली, आकडा गळून पडला. दोनेकशे वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग १८७० मध्ये रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने तक्रार केली, की हा शब्दाचा गैरवापर आहे. तेव्हापासून ही तक्रार दर पिढीत नव्याने जन्म घेते. म्हणजे वापर जुना आणि तक्रार नवी, पण ऐकणाऱ्याला वाटतं उलटंच.

फाउलर हा इंग्रजी वापराचा नामांकित चिकित्सक. त्याने १९२६ मध्ये ढिला अर्थ मान्य करून टाकला. अडवलं ते एका ठिकाणी : ‘डेसिमेट’च्या जोडीला टक्केवारी लावू नका. गोठवणाऱ्या एका रात्रीने फळं ऐंशी टक्के ‘डेसिमेट’ झाली, अशा धर्तीचं वाक्य हास्यास्पद होतं, कारण शब्दाच्या पोटात आधीच एक आकडा बसलेला आहे. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. आकडा झोपला असेल तर झोपू द्यावं. शेजारी दुसरा आकडा आणून बसवला की तो जागा होतो आणि भांडायला लागतो.

गणिताचा नाद असलेल्यांनी हा खेळ करून पाहावा. हजार माणसांतून दहावा हिस्सा काढला की नऊशे उरतात. त्यांतून पुन्हा दहावा, आठशे दहा. असं सात वेळा करावं तेव्हा कुठे संख्या निम्म्याखाली येते. आणि गिधाडांसारखी हजारावर एक अशी अवस्था आणायला? सहासष्ट वेळा. रोमनांच्या हिशोबाने आपल्या गिधाडांनी सहासष्ट वेळा चिठ्ठी काढली.

इंजिनिअर मंडळींचा अर्थ आणखी वेगळा. डिजिटल सिग्नलमधले नमुने कमी करायचे असतात तेव्हा दर दहातला एक नमुना ठेवतात आणि नऊ टाकतात. त्यालाही ‘डेसिमेशन’च म्हणतात. दहाच्या ऐवजी दोन, चार, आठ, कोणताही आकडा चालतो. पण इथे दहावा मरत नाही, दहावाच जगतो. रोमन अधिकाऱ्याने हे वाचलं असतं तर त्याला घेरी आली असती. गंमत म्हणजे सर्वसामान्य इंग्रजी वाचकाच्या मनातला अर्थही आता रोमन छावणीपेक्षा या इंजिनिअरांच्याच जवळ गेला आहे : बहुतेक गेले, थोडे उरले.

इथे थोडं थांबून एक गैरसमज काढावासा वाटतो. ‘मूळ अर्थ फक्त दहा टक्के, म्हणजे किरकोळच की’ असं लोक सहज बोलून जातात. दहा टक्के माणसं मरणं किरकोळ नसतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात किमान सव्वा कोटीच्या आसपास माणसं नेली, असा अंदाज आहे. काही अंदाज त्याहून बरेच वरचे. मुंबई इलाख्याला तर फारच मोठा तडाखा बसला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली; आपल्या जनगणनांच्या इतिहासात असं दशक दुसरं नाही. आणि तरी एकूण लोकसंख्येच्या मानाने तो आकडा शंभरात चार ते सहाच्या घरातला. म्हणजे घरोघरी मढी उठत होती, नदीकाठी सरपण पुरत नव्हतं, त्या साथीलाही देशपातळीवर रोमन अर्थाने ‘डेसिमेट’ म्हणता येत नाही. दहावा माणूस जाणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा. तुमच्या चाळीतल्या, सोसायटीतल्या प्रत्येक दहाव्या माणसाकडे बोट करून बघा. माझ्या मते शब्दाला ‘महाभयंकर’ हा अर्थ चिकटला तो चुकून नव्हे. दहातला एक हाही भयंकरच होता.

मूळ अर्थाचा आग्रह धरणाऱ्यांना आपल्याकडून एक उत्तर देता येतं आणि ते मला इंग्रजीतल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा आवडतं. ‘बेचिराख’ घ्या. भूकंपात गाव बेचिराख झालं, बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं, आपण सर्रास म्हणतो. कानाला त्यात ‘राख’ ऐकू येते, म्हणून डोळ्यांपुढे जळून कोळसा झालेलं गाव उभं राहतं. पण शब्द आहे फारसी : ‘बे’ म्हणजे विना, आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. महसुली दप्तरात हा शब्द कुठल्याही आगीशिवाय यायचा. वस्ती उठून गेलेल्या, फक्त शिवार आणि नाव उरलेल्या गावाची ती नोंद. विदर्भात अशा गावांना रिठी म्हणतात. दिवा विझला, मग ‘चिराग’चं ‘चिराख’ झालं, मग त्यात राख दिसू लागली, आणि आता विमानांनी बॉम्ब टाकल्याशिवाय हा शब्द आपल्याला सुचतच नाही. उद्या कुणी म्हणालं, की ज्या गावात एक जरी दिवा लागतो त्याला बेचिराख म्हणणं अशुद्ध आहे, तर त्याला आपण काय म्हणू? चहा देऊ आणि विषय बदलू. ‘डेसिमेट’वाल्यांनाही तेवढाच मान द्यावा.

मग वापरायचा कसा हा शब्द? माझा स्वतःचा नियम सोपा आहे. जे मोजता येतं आणि ज्यातलं काही उरतं, त्याला ‘डेसिमेट’ लावावा. रोगाने कळप डेसिमेट झाला, अतिमासेमारीने मासे डेसिमेट झाले, कपातीत कर्मचारी डेसिमेट झाले, निवडणुकीत पक्षाचं संख्याबळ डेसिमेट झालं. या सगळ्यांत एक समूह आहे आणि त्यातले पुष्कळ गळाले आहेत. एखादी इमारत डेसिमेट झाली म्हणणं मात्र खटकतं, कारण एका इमारतीतून दहावा हिस्सा कसा मोजणार? तिला ‘डेमॉलिश’. हा शब्द तर मुंबई-ठाण्याच्या माणसाला वेगळा समजवायला नको. पालिकेच्या गाडीसोबत तो दारात येतो.

दुसरं म्हणजे ‘टोटली डेसिमेटेड’, ‘कम्प्लीटली डेसिमेटेड’ हे टाळलेलं बरं. सगळंच संपलं असेल तर त्यासाठी वेगळी क्रियापदं आहेत. आणि खरोखरच मोजून दहा टक्के म्हणायचं असेल तर? तर सरळ दहा टक्के म्हणा. ‘डेसिमेट’ लिहून वाचकाला मूळ अर्थ कळेल या भरवशावर राहिलात, तर तुमची दहा टक्क्यांची घट त्याच्या डोक्यात नव्वद टक्क्यांची होऊन बसेल.

तिसरी चूक आपल्याकडच्या इंग्रजी बोलण्यात मी पुष्कळदा ऐकली आहे. परीक्षेत नापास झाल्यावर ‘आय वॉज डेसिमेटेड’. एकट्या माणसाचं दहावं काय काढणार? तिथे हवा ‘डिव्हॅस्टेटेड’. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वास्तुस’ आहे, म्हणजे ओसाड, उजाड. देश उजाड होतो, किनारपट्टी उजाड होते आणि माणूस आतून उजाड होतो. तिन्हींना ‘डिव्हॅस्टेट’ चालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्या गावांबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर प्रदेश ‘डिव्हॅस्टेट’ झाला, दगड-मातीची घरं ‘फ्लॅटन’ झाली, आणि गावांची लोकसंख्या ‘डेसिमेट’ झाली. एकाच घटनेला तीन क्रियापदं, कारण मोडलेल्या गोष्टी तीन तऱ्हेच्या.

‘अॅनायहिलेट’मध्ये लॅटिनचा ‘निहिल’ आहे, शून्य. काहीच उरलं नाही. मराठीत याला इतकं चपखल बोलणं आहे की अनुवाद करायला मजा येते : होत्याचं नव्हतं करणं. फारसीतून आलेला ‘नेस्तनाबूद’ही अगदी त्याच जातीचा, ‘नाही’पणा दोनदा सांगणारा. ‘ऑब्लिटरेट’मध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर आहे. पाटीवरची अक्षरं पुसावीत तसं पुसून टाकणे. खूण राहता कामा नये. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हाच शब्द वापरला. त्यानंतर कित्येक दिवस वाद चालला तो बॉम्बइतकाच या क्रियापदावर : नुकसान झालं हे सगळ्यांना मान्य, पण ‘पुसून टाकलं’ म्हणण्याइतकं झालं का? गुप्तचर अहवाल एकीकडे, शब्दकोश एकीकडे. विध्वंसाची क्रियापदं म्हणजे नुसती अलंकारिक भाषा नसते, तो मोजमापाचा दावा असतो, हे त्या वादात चांगलं दिसलं.

मराठीत या कुळातले शब्द ढिगाने आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे. ‘वाताहत’ म्हणजे वाऱ्याने झोडपलेलं. सैन्याची, कुटुंबाची, निर्वासितांची वाताहत होते, कारण ते विखुरतात. इमारतीची वाताहत होत नाही. ‘धूळधाण’ सैन्याची होते, तशी संसाराचीही होते. ‘भुईसपाट’ पीक होतं, घर होतं. ‘फडशा’ शत्रूचा पाडतात तसा श्रीखंडाचाही पाडतात. ‘धुव्वा’ प्रतिस्पर्ध्याचा उडतो, आणि क्रिकेटच्या पानावर तर रोजच उडतो. ‘उद्ध्वस्त’ मात्र बिचारा स्वतःच उद्ध्वस्त आहे : त्यातला ‘द्’ आणि ‘ध्व’ एकत्र लिहिणारा माणूस मला आठवड्यातून एकदाच भेटतो.

या सगळ्यांत ‘डेसिमेट’शी खरं नातं सांगणारा आपला शब्द शोधायचा, तर मला पानिपतापाशी जावं लागतं. १४ जानेवारी १७६१ नंतर ‘पानिपत होणे’ हा मराठीत वाक्प्रचारच झाला. गावाच्या नावाचं जवळजवळ क्रियापद झालं. त्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेतल्या एका पत्रातून कळली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, असा तिचा आशय. दोन मोती म्हणजे सदाशिवराव भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. आणि खुर्दा म्हणजे चिल्लर, सुटी नाणी. इथे साधे शिपाई आणि बाजारबुणगे.

रोमन चिठ्ठीत साधा शिपाईही मोजला जायचा, मारण्यासाठी का होईना. इथे मोती मोजले, मोहरा मोजल्या, चिल्लरीची गणतीच नाही. शत्रूचा ‘खुर्दा उडवणे’ असं आपण आजही बिनधास्त म्हणतो, तेव्हा त्यात हीच सुटी नाणी उधळलेली असतात. ‘डेसिमेट’ आणि ‘खुर्दा’ दोन्ही हिशोबाच्या वहीतून रणांगणावर आलेले शब्द. एकाने आकडा आणला आणि वाटेत हरवला. दुसऱ्याने पहिल्यापासून सांगितलं, की आकडा नाही.

तरीही गिधाडांच्या वाक्यात ‘खुर्दा’ काही बसेना. खुर्दा उडवायला समोर कुणीतरी उडवणारा लागतो. इथे गुरांचा ताप उतरवायला दिलेलं एक औषध होतं, गिधाडांशी कुणाचं वैर नव्हतं. ‘बेचिराख’ पक्ष्यांना लागत नाही, ते गावाला. ‘संहार’ फार पौराणिक झाला. ‘नामशेष’ हा शब्द मोठा सुंदर, ज्याचं फक्त नाव शेष आहे तो. पण म्हणूनच तो खोटा ठरला असता, कारण नावाबरोबर थोडे पक्षीही शेष आहेत. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याच्या बाजूला लोक अजून त्यांच्या घरट्यांची राखण करतात.

शेवटी क्रियापद टाकलं आणि लिहिलं : ‘पंधरा वर्षांत हजारांमागे एक गिधाड उरलं.’ मजकूर छापून आला तेव्हा तिथे ‘गिधाडे नामशेष झाली’ असं होतं. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, अहो, ओळीत बसत नव्हतं.